पाण्यात विरघळणाऱ्या पिशव्या कोणी वापरल्यात का?

मंडळी, मदत हवी आहे. चिपळूणला आमचं भाजीचं दुकान आहे. 2018च्या प्लास्टिकबंदीपासून कागदी पिशव्यांवर भागवतोय, पण पावसाळ्यात ओल्या कोथिंबिरीने कागदाचा पार लगदा होतो.

परवा एक विक्रेता विरघळणाऱ्या पिशव्या घेऊन आला. कोमट पाण्यात टाकून ढवळली, पाणी जरा बुळबुळीत झालं, पिशवी गायब! बघायला झकास. पण माल पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा (म्हणजे पाण्यात विरघळणारं एक कृत्रिम प्लास्टिक) की स्टार्चचा, हे काही त्याला धड सांगता येईना. विरघळलं म्हणजे कुजलं असं नव्हे, पॉलिव्हिनाइलला तर ठरावीक जिवाणूच लागतात. हॉस्पिटलात धुण्याचे कपडे भरायच्या पिशव्या गरम पाण्यातच विरघळतात म्हणे. तसला प्रकार भाजीला चालेल का?

ओली मेथी घेऊन गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत पिशवी टिकते का? आपल्या दमट हवेत गठ्ठे चिकटत असतील, ते ठेवता कशात? आणि मुख्य म्हणजे, कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) पिशव्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तसं यांचं कोणी पाहिलंय का? बंदीतली पिशवी सापडली तर पहिलाच दंड 5000 रुपयांचा आहे, म्हणून आधी विचारतोय.