‘एक्झॉर्सिझम’ला मराठीत काय म्हणायचं?

फ्रान्समधल्या लूदँ गावच्या प्रकरणावर मराठीत लिहिते आहे. १६३२ साली तिथल्या उर्सुलाइन मठातल्या नन्सना सैतानाची बाधा झाली म्हणून गाजलं ते. ‘एक्झॉर्सिझम’साठी ‘भूत उतरवणे’ लिहिलं की डोळ्यांपुढे लिंबू-मिरची आणि कोंबडंच येतं. दुसरं काही सुचतंय का?

— ‘भूत काढणे’ लिहा. मराठी बायबलात येशू भुते काढतो, उतरवत नाही. उतरवायचं म्हटलं की उतारा आलाच.

— मूळ ग्रीक शब्दात भूत नाहीच! ‘होर्कोस’ म्हणजे शपथ, त्यावरून ‘शपथ घालणे’. ‘तुला माझ्या गळ्याची शपथ, खरं सांग’ म्हणतो ना, तसं. लॅटिन विधीत पाद्री भुताला ‘आद्जुरो ते’, म्हणजे ‘तुला शपथ घालतो’, असं बजावतो आणि नाव विचारतो. लूदँच्या मठप्रमुख झान देझांज यांच्या अंगातून अस्मोदेउस, लेव्हायथन अशी नावं निघाली ती अशीच.

आणि भाषेचाच मुद्दा असेल तर हे प्रकरण म्हणजे मेजवानी आहे. १६१४च्या रोमन विधिग्रंथात बाधेची एक खूण दिली आहे: न शिकलेली भाषा बोलता किंवा समजता येणं. झानबाईंना लॅटिनमध्ये विचारलं, ‘कोणाला भजतोस?’ उत्तर आलं, ‘येसुस क्रिस्तुस’. द्वितीया हवी तिथे प्रथमा! सैतान व्याकरणात कच्चा. पुढे, जादूटोणा करून ही बाधा घडवल्याचा आरोप असलेला पाद्री उर्बँ ग्रांदिए म्हणाला, मी ग्रीकमध्ये विचारतो. त्यावर सैतानाने ऐकवलं की ग्रीकमध्ये उत्तर द्यायचं नाही, असा आपला करारच आहे. १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएला जिवंत जाळलं. विधी मात्र त्यानंतरही चालूच राहिले.

— मग बाधेला ‘अंगात येणे’ चालेल?

— नको. अंगात देवीही येते, आणि तेव्हा लोक पाया पडतात, ओटी भरतात. ‘झपाटणे’ बरा. (गोव्यात गंमत आहे: ‘देवचार’ हिंदूंचा गावराखण्या, ख्रिश्चनांचा सैतान.)

— ठरलं. मजकुरात ‘पाद्र्याने अस्मोदेउसाला शपथ घातली’ असंच लिहिते. मथळ्यात संपादक ‘भूत’ घुसवतीलच, त्यांना कोण शपथ घालणार!