टँडेमची फ्रेम स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची?

मदत हवी आहे. बायको आणि मी टँडेम (पुढे-मागे बसून दोघांनी चालवायची सायकल) घ्यायचं ठरवलंय. दोघांचं वजन मिळून १४५ किलो, शिवाय लांबच्या प्रवासाचं सामान. घोडं अडलंय फ्रेमपाशी.

मागच्या रविवारी ओळखीतल्या एकांची जुनी स्टीलची टँडेम चालवून पाहिली. चढावर दोघांनी उभं राहून जोर लावला की फ्रेम मधेच पिळल्यासारखी व्हायची. "तू वळतोयस की सायकल?" मागून प्रश्न आला! हा दोष स्टीलचा, की दोन्ही बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ते भाग) जोडणारी खालची नळी बारीक होती त्याचा? मला तरी नळीचाच वाटतो.

अ‍ॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही जवळपास तेवढाच कमी. म्हणून नळ्या मोठ्या व्यासाच्या करतात. मग फ्रेम ताठ होते खरी, पण मागे बसणाऱ्याला खड्डा दिसतच नाही, तो सरळ कमरेत जातो. शिवाय स्टीलला तडा गेला तर वेल्डिंग करून वेळ निभावता येते.

टायटॅनियम खिशाबाहेरचं, कार्बनची मला भीती वाटते.

अ‍ॅल्युमिनियमची टँडेम सामानासकट काही वर्षं चालवलेलं कुणी आहे का? जाड टायर आणि स्प्रिंगचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) लावून हादऱ्यांचं भागतं का? उत्तर शक्यतो मागे बसणाऱ्यांनी द्या.