स्वयंपाकघरातली कपाटं: रंग द्यायचा की नाही?

शनिवार

वहिनी: नमस्कार सगळ्यांना. स्वयंपाकघरातल्या कपाटांचं काय करायचं ते या आठवड्यात ठरवून टाका. त्या काळ्याकुट्ट दारांसमोर रोज मी उभी असते. नवीन करायला पैसे नाहीत, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून म्हणते, रंग देऊन टाकू. पांढरा.

वहिनी: [फोटो]

आत्या: अगं सूनबाई, ते सागाचं लाकूड आहे. माझ्या भावानं, अण्णानं, सुताराजवळ उभं राहून करून घेतलंय. सागाला कोणी रंग फासतं का?

वहिनी: आत्या, साग आहे हे मान्य. पण त्या तेलकट थराखाली दिसतोय का तो?

काका: फोटोत सिंकखालचं दार तळाशी फुगलेलं दिसतंय. ते कशानं?

दादा: एवढं काय त्यात. ऑइल पेंटचा डबा आणू, दोन सुट्ट्यांत काम उरकेल. मी देतो रंग.

ताई: बाल्कनीच्या दाराला दिलास तसा?

दादा: ते दार उन्हापावसात आहे.

ताई: वरच्या मजल्यावरचंही उन्हापावसातच आहे. त्याचे नाही पापुद्रे निघत.

दादा: मग त्या वेळी यायचं होतंस मदतीला. सूचना द्यायला सगळे असतात.

मी: दादा, ताई, बाल्कनीचं दार नंतर. वहिनी काय विचारतेय ते बघा ना.

भाचा: मामा, रागावू नका, पण बाल्कनीच्या दाराचं कारण ऊन नाही. जुनं पॉलिश चकचकीत होतं, त्यावर न घासता थेट रंग दिला. गुळगुळीत पृष्ठभागाला रंग धरतच नाही, नुसता वर बसतो. नखानं खरवडलं की सालासारखा निघतो. स्वयंपाकघरात तर पॉलिशवर तेल आणि वाफेचा थर आहे. तिथे आणखी लवकर निघेल.

दादा: आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष आणि मामाला शिकवतोय 😄

ताई: शिकण्यासारखं असेल तर शीक की.

काका: सिंकखालच्या दाराचं कोणी सांगेल का?

आत्या: रंगाखाली लाकूड गुदमरतं असं अण्णा म्हणायचा.

भाचा: आजी, गुदमरत नाही, पण रंग एकदा दिला की परत लाकूड दिसणं अवघड. रेषांमध्ये गेलेला रंग रिमूव्हर लावूनही पूर्ण निघत नाही. म्हणून घाईनं ठरवू नये एवढं खरं आहे.

आत्या: बघा. मुलगा बरोबर बोलतोय.

वहिनी: म्हणजे काय, आणखी पाच वर्षं असंच चालू द्यायचं? आत्या, तुम्ही वर्षातून एकदा येता. मी तिथे सकाळ-संध्याकाळ उभी असते. कपाट उघडं असलं तरी आतलं दिसत नाही इतका अंधार असतो.

आत्या: मी काही बोलले नाही बाई.

मी: वहिनी बरोबर बोलतेय. ते स्वयंपाकघर तिचं आहे. आपण फक्त तिला नीट माहिती द्यायची.

भाचा: मामी, एक करा. सगळं ठरवण्याआधी एकच दार उतरवा. शेगडीजवळचं, सगळ्यात घाण झालेलं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, मऊ कापड, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं पुसायचं. मग साध्या पाण्याच्या कापडानं, मग लगेच कोरडं. धुण्याचा सोडा वापरू नका. जुनं पॉलिश चपडीचं, म्हणजे लाखेचं, असेल तर सोड्यानं ते विरघळतं, डाग पडतात. रंग द्यायचा ठरला तर मग हरकत नाही, आधी नको.

दादा: चपडीचं आहे हे कसं कळणार? अण्णा तर नाहीत विचारायला.

भाचा: दाराच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, कापसावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट दाबून धरायचं. पॉलिश चिकट झालं, कापसाला रंग आला तर चपडी. काही झालं नाही तर थिनर लावून बघायचं. त्यानं मऊ झालं तर लॅकर. दोन्हींनी काहीच नाही झालं तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही कडक पॉलिशं.

ताई: माझा मुलगा 😊

दादा: हो हो, बाल्कनीचं दारही आता त्याच्याकडेच द्या.

काका: ताई, दादा, तुमची भांडणं संपली असतील तर परत विचारतो. सिंकखालचं दार खालून का फुगलंय?

रविवार

आत्या: सुप्रभात 🌸 जो शांत राहतो तोच जिंकतो. [फोटो]

ताई: आत्या, इथे कपाटांचं चाललंय.

आत्या: शांत राहायलाच सांगतेय.

वहिनी: दार उतरवलं. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेत, दोन तुटले. धुतलं. [फोटो] [फोटो]

मी: वहिनी!! हे तेच दार आहे का?

वहिनी: तेच. हँडलभोवतीचं काळं मला वाटलं लाकूडच जळालंय. सगळा तेलाचा थर होता, चार वेळा पाणी बदललं. खाली मधासारखा रंग निघाला. शेगडीकडच्या कडेला मात्र पॉलिश पूर्ण गेलंय, लाकूड राखाडी झालंय, हाताला खरखरीत लागतं.

आत्या: मी म्हटलं होतं ना.

वहिनी: आत्या, दार सुंदर निघालं, मला आवडलं. पण तुम्ही म्हटल्यामुळे नाही, धुतल्यामुळे.

भाचा: स्पिरिट लावून बघितलं?

वहिनी: हो. कापूस तांबूस झाला आणि बोट चिकटलं.

भाचा: म्हणजे चपडीच. मग काम स्वस्तात होईल. चपडीवर नवीन चपडी बसते, जुनं सगळं काढावं लागत नाही. हलका पॉलिश पेपर, २२० किंवा ३२० नंबरचा, मग चपडीचे दोन-तीन हात. पण चपडीला पाणी, सोडा आणि उष्णता सोसत नाही. शेगडीजवळ आणि सिंकजवळ ती परत जाईल. तिथे वेगळं काहीतरी लागेल.

दादा: म्हणजे रंगच.

भाचा: रंग किंवा पीयू. पीयूची फवारणी घरात स्वतः करू नका मामा. दोन भागांच्या पीयूमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला वाईट. साधा मास्क पुरत नाही.

ताई: कडेच्या फळ्याही सागाच्याच आहेत ना? म्हणजे सगळं घासता येईल.

भाचा: फोटोत कडेचा पाट प्लायवूड वाटतोय, वर सागाचा व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला पातळ पापुद्रा. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. मशीननं घासलं तर एका झटक्यात खालचं प्लाय दिसेल. तिथे हातानं, हलकंच.

ताई: मग माझं सँडर मशीन नाही पाठवत.

दादा: तू तसंही पाठवणार नव्हतीस.

[ताई यांनी हा मेसेज डिलीट केला]

मी: दोघंही थांबा आता. प्लीज.

काका: चौथ्यांदा विचारतोय. सिंकखालचं दार. खालून. का फुगलं? रंगाच्या गप्पा नंतर मारा.

आई: [व्हॉइस मेसेज, ०:४१]

मी: ज्यांना ऐकता येत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आई म्हणतेय, कपाटं केली तेव्हा खालच्या दारांना तिला रंगच हवा होता, पुसायला सोपा म्हणून. अण्णांनी ऐकलं नाही, सगळं पॉलिश करून घेतलं. आणि आता सुनेला जे हवं ते करू द्या, स्वयंपाकघर तिच्या हातात आहे.

आत्या: मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

वहिनी: मलाही आजच कळलं, आत्या. आई बाजूलाच बसल्यात, डोळे पुसतायत. मी फोन ठेवते थोडा वेळ.

सोमवार

वहिनी: काका, माफ करा, काल उत्तर द्यायचं राहिलं. आज सकाळी सिंकखालचं सगळं बाहेर काढलं. मागच्या पाइपचा जोड ठिबकतोय. तळाची फळी ओली आहे, बोट दाबलं तर आत जातं. आणि ते दार सागाचं नाहीच. मागे बदललं तेव्हा पार्टिकल बोर्डाचं बसवलं गेलं.

ताई: कोणी बसवलं?

दादा: बसवलं मी. त्या महिन्यात तेवढंच परवडत होतं. तुला हवी तर पावती दाखवतो.

मी: दादा, कोणी काही म्हणत नाहीये.

काका: मी शनिवारपासून तेच विचारत होतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला भुसा. एकदा पाणी पिऊन फुगला की वाळला तरी परत बसत नाही. त्यावर रंग दिला असता तर महिनाभरात फोड आले असते आणि सगळ्यांनी रंगाला नावं ठेवली असती. आधी प्लंबर, मग ते दार आणि फळी बदला. वॉटरप्रूफ प्लायचं घ्या, कडा सील करून. मग बाकीचं.

भाचा: आजोबा, हे मला सुचायला हवं होतं. मी फक्त फिनिश बघत बसलो.

काका: तू छान सांगतोयस. लिहीत राहा.

वहिनी: मग माझं असं ठरतंय. वरची कपाटं धुऊन परत पॉलिश. खालची सगळी रंगात. सिंकखालचं दार नवीन, त्यालाही तोच रंग, म्हणजे वेगळं दिसणार नाही. आत रंग नाही, फक्त दारं आणि चौकटी, पैसे वाचतील. उतरवणं, धुणं, घासणं आम्ही घरी करू. पेंटर फक्त रंगाला. पण कुठला रंग ते मला कळत नाही.

दादा: भिंतीचा उरलाय ना, तोच द्या.

भाचा: भिंतीचा नको मामा! भिंतीचा रंग मऊ राहतो, दार चौकटीला चिकटतं, घासून पुसला की जातो. ऑइल पेंट कडक होतो, पण पांढरा असेल तर पिवळा पडतो, जिथे उजेड कमी तिथे जास्तच. वॉटर-बेस्ड इनॅमल घ्या, म्हणजे पाण्यात कालवायचा कडक रंग. वास कमी, पिवळेपणाही कमी.

भाचा: आणि खरी गोष्ट प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर. सागाच्या अंगात तेल असतं आणि लाकडातला तपकिरी रंग पांढऱ्यातून वर येतो, चहाच्या डागासारखा. साधा वॉटर प्रायमर तो अडवत नाही. चपडीचा किंवा डाग अडवणारा ऑइल प्रायमर पाहिजे. प्रायमर लावण्याच्या जरा आधी थिनरच्या कापडानं पुसायचं. घासायला आधी १५० नंबर, मग २२०. दोन हातांच्या मध्येही २२० हलकाच. जाड एक हात नको, पातळ दोन.

आत्या: घासताना जुन्या रंगाचं काही वाईट असतं म्हणे. शिसं.

भाचा: बरोबर आजी. कपाटांवर रंग नाही, पॉलिश आहे, म्हणून चिंता कमी. पण खिडकीची चौकट जुन्या रंगाची आहे, ती कोरडी घासू नका. आज बऱ्याच देशांच्या कायद्यात रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे, पूर्वीच्या रंगांत कितीतरी जास्त असायचं. लहान मुलांना त्या धुळीचा जास्त त्रास होतो.

वहिनी: किती दिवस स्वयंपाकघर बंद राहील?

भाचा: हाताला काही तासांत कोरडं लागेल. पण आतून पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर दार आपटायचं नाही, ओल्या फडक्यानं घासायचं नाही. दारं चौकटीच्या आत बसणारी आहेत ना? मग आत्ताच कडेची फट बघा. प्रायमर आणि रंगाची जाडी वाढली की दार घासतं. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर सुताराला आधीच कड तासायला सांगा.

दादा: दारांवर आणि बिजागऱ्यांवर नंबर घालतो मी. स्क्रू वेगळ्या पिशव्यांत. तेवढं तरी येतं मला.

ताई: दादा, मी शनिवारी येते. घासायला.

दादा: ये. मशीन घेऊन?

ताई: हातानं. व्हिनिअर आहे.

आत्या: हँडल बदलणार का? जुनी पितळेची आहेत, ती टाकू नका.

वहिनी: नाही टाकत आत्या. पितळ घासून परत लावते. नवीन घेतली की भोकांचं अंतर जुळत नाही, ९६ मिलिमीटरची जागा आणि १२८ चं हँडल, मग जुनी भोकं पुट्टीनं भरा, परत रंग. तो खर्च नको.

काका: प्लंबर कधी येतोय?

वहिनी: उद्या अकराला, काका.

आत्या: आणि पांढरा नको हं सूनबाई, बघ, दुधाळ वगैरे.

वहिनी: आत्या, ते मी आणि आई दुकानात जाऊन बघू.