क्षमा फुकट, पण स्वस्त नाही

"कबुली दिली की ख्रिस्ती माणूस मोकळा, मग पुन्हा पाप करायला हरकत काय?" हा तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, आमच्यातले कित्येक जण तसंच वागतात (मीही). पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात येशूनं सांगितलेला दाखला (बोधकथा) बघा. एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा माफ करतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हे कर्ज सात जन्मांत फिटणारं नाही! बाहेर पडताच तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

मला गंमत वाटते ती या शंभर दिनारांची. ती रक्कम क्षुल्लक नाही, तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे. म्हणजे ज्यानं आपल्याला दुखावलं त्याचा अपराध येशू किरकोळ ठरवत नाही. फक्त देवानं माफ केलेलं आपलं पापाचं कर्ज शेजारी ठेवून बघायला लावतो.

मी हे कागदावर सहज मांडतो. सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला आहे, तिथे मात्र अजून शंभर दिनारच मोजत बसलोय.