रत्नागिरीच्या कॉलेजची १९७२ची पदवी: दुसरी प्रत कोल्हापुरात मिळेल की मुंबईत?

नमस्कार मंडळी,

आत्याचं बी.ए.चं प्रमाणपत्र वाळवीने खाल्लं. फ्रेमच्या मागून पोखरत आली, पुढून काच लखलखीत, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. भिंतीवरून काढलं तर मांडीवर सगळी माती पडली. विद्यापीठाच्या नावातलं 'शिवाजी' तेवढं शाबूत आहे.

आत्याला पंचाहत्तर पूर्ण झालीत. तिला कागद नोकरीसाठी नकोय, भिंतीसाठी हवाय.

घोळ असा, की ती शिकली रत्नागिरीत. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ला सुरू झालं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर रत्नागिरी जिल्हाही त्याच्याकडे होता. (उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते, आणि तेव्हा चीनचं युद्ध चालू होतं! आजोबा हे दरवेळी सांगायचे.) पुढे कोकण मुंबई विद्यापीठाकडे गेलं. सोलापूरला तर २००४मध्ये स्वतंत्र विद्यापीठच झालं. आता झेरॉक्सवाला म्हणतो मुंबईला जा, मावसभाऊ म्हणतो कोल्हापूरला. माझ्या मते ज्याने पदवी दिली त्यानेच प्रत द्यायला हवी. पण जिल्हा दुसरीकडे गेल्यावर जुनी दप्तरंही सोबत जातात का? बैठक क्रमांक आत्याला आठवत नाही. वर्ष, कॉलेज आणि लग्नाआधीचं नाव एवढ्यावर शोधतात का? नावबदलासाठी गॅझेट लागेल का? कुणी अलीकडे हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

जाता जाता अजून एक. आमच्या घरात तीन विद्यापीठं आहेत. आजोबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९४१चे, पदवी मुंबईची. मोठे काका त्याच कॉलेजातून १९५८चे, पदवी पुण्याची, कारण पुणे विद्यापीठ १९४९ला निघालं. मग आजोबांची बदली झाली आणि आत्या रत्नागिरीची. काकांना एम.ए. करायचं होतं, पण पुण्यात राहायचा खर्च झेपेना म्हणून राहिलं. चारच वर्षांनी कोल्हापुरातच सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ आलं! इतिहासाचे आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. काकांना इतिहासच घ्यायचा होता, म्हणजे बघा. तोवर ते बँकेत चिकटले होते.

माळावर सुरुवातीला वर्ग कुठे भरायचे, राहायची सोय काय होती, 'कमवा आणि शिका'तली मुलं काय कामं करायची, हे त्या काळात शिकलेल्या कुणाच्या घरी ऐकलं असेल तर तेही लिहा. काकांना वाचून दाखवायचं आहे.

ता. क. : कुणी लॅमिनेशन सुचवू नका. जे उरलंय ते आत्या कुणाच्या हातात देत नाही.