विषय: पर्ससीन: १२ सागरी मैलांपलीकडे हुकूम कोणाचा?

मंडळी, नमस्कार.

‘सुप्रीम कोर्टाने पर्ससीन मोकळी केली, आता रत्नागिरीकरांनीही याचिका टाकावी’, असं कालच्या मेलमध्ये आलंय. (पर्ससीन म्हणजे थव्याभोवती गोल टाकून तळाशी आवळायचं मोठं जाळं.) थोडं थांबा. २४ जानेवारी २०२३ चा तो आदेश १२ सागरी मैलांपलीकडे अटींवर पर्ससीनला परवानगी देणारा असला, तरी अंतरिम होता आणि तमिळनाडूने २०२२ मध्ये घातलेल्या सरसकट बंदीविरुद्धच्या दाव्यातला होता.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी दोनदा येते. राज्यसूचीतली नोंद २१ म्हणजे मत्स्यव्यवसाय. केंद्रसूचीतली ५७ म्हणजे प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी. जलधी संपते १२ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर. त्या रेषेच्या आत राज्याला आव्हान देण्यात वकिलाची फी वाया जाईल. केरळने पर्ससीन आणि तसल्याच रिंगसीन जाळ्यांवर घातलेल्या बंदीवर १९९३ मध्येच सुप्रीम कोर्टाचा निकाल झालाय: धंद्याचं स्वातंत्र्य कलम १९ खाली असलं तरी पारंपरिक मच्छीमाराचं पोट राखायला बंदी घालता येते. हा निकाल मला पूर्ण पटतो. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, किनारा सोडून जाता येत नाही, पर्ससीनवाल्याला जाता येतं.

– सुहास

---

सुहासदादा, मग रेषेपलीकडे रान मोकळं का? बंदर तर राज्याचंच ना?

– वैशाली

---

वैशाली, खरी मेख तिथेच आहे. जाळं पडतं केंद्राच्या पाण्यात, पण नौका सुटते आणि मासळी उतरते ती राज्याच्या जेटीवर. म्हणूनच कोर्टाने अटी घातल्या: नोंदणीकृत नौका, फक्त सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ला निघून संध्याकाळी ६ पर्यंत परत, ट्रॅकर चालू, खलाशांकडे ओळखपत्र.

आता हिशेब कर. ८ नॉटने, म्हणजे ताशी ८ सागरी मैलांनी, १२ मैल जायला दीड तास, यायला दीड. दहातले तीन तास गेले. उरलेल्या सातात बांगड्याचा थवा शोधायचा, जाळं गोल टाकायचं, तळाच्या कड्यांतला दोर ओढून बूड आवळायचं, मासळी उपसून बर्फात भरायची. थवा दहाव्याच मैलावर दिसला की तांडेलाचा, म्हणजे नौकेच्या म्होरक्याचा, हात शिवशिवतो. ट्रॅकरवर नौकेची जागा दिसते, जाळं पाण्यात आहे की डेकवर ते दिसत नाही. भांडण नेमकं इथे पेटतं.

महाराष्ट्रात सरसकट बंदी नाहीच. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर हा हंगाम ठरवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरलं. त्यामुळे तमिळनाडूचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा बसत नाही. इथला प्रश्न वेगळा: जानेवारीत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटून पलीकडे जाळं टाकलं तर राज्य अडवू शकतं का? तो लढवायचा तर नोंदणी, परवाना, ट्रॅकरची नोंद आणि कारवाईच्या पंचनाम्यात अक्षांश-रेखांश हवेत. पंचनाम्यात नुसतं ‘समुद्रात’ लिहिलं असेल तर आत की बाहेर यावरच तारखा पडत राहतात.

आणि एलईडीवाल्यांनी, म्हणजे दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करणाऱ्यांनी, यात घुसू नये. तो प्रकार नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द केंद्रानेच अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे १२ मैलांपलीकडे २०० मैलांपर्यंतच्या पट्ट्यात, बंद केलाय. मंडळाने निधी उभारण्याआधी कोणाकोणाच्या नौका याचिकेत आहेत, ते विचारून घ्या.

– सुहास