विषय: काखेतल्या गाठी काढल्यात, मुंबईचं विमान झेपेल का?

नमस्कार मंडळी,
एरवी मी इथे मोदकाचे साचे मागते, आजचं जरा वेगळं आहे. मार्चमध्ये डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतले चौदा लिम्फ नोड, म्हणजे हातातलं पाणी गाळून वाहून नेणाऱ्या गाठी, काढले, मग रेडिएशन. हात अजून सुजलेला नाही. डिसेंबरात ठाण्याला भाच्याचं लग्न आहे, नेवार्कहून थेट मुंबई. एक मैत्रीण म्हणाली, विमानात हवेचा दाब कमी होतो आणि हात एकदा सुजला की सुजला. ऑनलाइन स्लीव्ह, म्हणजे सूज दाबून धरणारी घट्ट बाही, मागव म्हणाली. आमच्या घरी तर "जाऊच नकोस" सुरू झालंय. कुणाला अनुभव?
— ठाण्याची, सध्या एडिसनकर

उत्तर:
ताई,
लग्न चुकवू नका. माझ्या ऑपरेशनला नऊ वर्षं झाली, आणि माझा उजवा हात खरोखरच सुजतो, म्हणून जरा लांबण लावते.

मैत्रिणीचं अगदीच चूक नाही. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा, म्हणजे आमच्या महाबळेश्वरच्याही वरचा. म्हणून पूर्वी सगळ्यांनाच सरसकट स्लीव्ह घालायला सांगत. मग बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये ६३२ बायकांचे हात उपचाराआधीपासून पुन्हा पुन्हा मोजले. २०१६ साली ते छापून आलं. विमानप्रवास, त्या हातातून रक्त काढणं, बीपी घेणं, यांचा सुजेशी संबंध काही दिसला नाही. दिसला तो काखेतले नोड सरसकट काढण्याशी, तिथल्या रेडिएशनशी, जास्त वजनाशी आणि त्वचेच्या जंतुसंसर्गाशी. नोड सरसकट काढले की साधारण पाचात एकीला हा त्रास होतो, नुसता सेंटिनेल नोड (स्तनाकडून येणाऱ्या वाटेवरची पहिली गाठ) काढला तर वीसात एकीला. तेव्हा लक्ष ठेवायचंच, पण विमानात आहात म्हणून नव्हे.

आता स्लीव्ह. पहिल्या वेळी मीही अंदाजाने मागवली होती. मनगटाशी अशी काचली की उतरेपर्यंत पंजा पुरीसारखा टम्म, अंगठी साबण लावूनही निघेना. ज्यांना आधीच सूज आहे त्यांनी घालावी, पण अशा सुजेवर उपचार करणाऱ्या थेरपिस्टने माप घेतलेली, पंजाच्या तुकड्यासकट, आणि आधी घरी घालून बघितलेली. तुमचा हात चांगला आहे, तर जाण्याआधी थेरपिस्टकडून तो मोजून घ्या. परत आल्यावर ताडून बघता येतं. घालायची की नाही, तेही तीच सांगेल.

माझा हात बिघडला तो विमानाने नाही, ठाण्यासारख्याच एका लग्नघरात, डासाने. खाजवलं, दोन दिवसांत हात लाल, गरम, थंडी वाजून ताप. तसं झालं तर "हळद लाव" ऐकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आता मी निघण्याआधीच डॉक्टरांकडून अँटिबायोटिक लिहून घेते. आणि तेवीस किलोची बॅग पट्ट्यावरून ओढायला कुणालातरी हाक मारा. भाच्याला मारा, लग्न त्याचंच आहे.
— वाईची, प्लेन्सबरो

उत्तर:
वाईच्या ताई,
थेरपिस्टकडे जाऊन आले. दोन्ही हात टेपने मोजले, फरक नाही. स्लीव्ह नको म्हणाली, अधूनमधून उठून चाला आणि पाणी प्या म्हणाली. तिकीट काढलं. आता प्रश्न एकच उरलाय: हिरवा चुडा. कासार पंजा दाबून दाबून बांगड्या चढवतो, काच फुटली तर कापतंही. आई म्हणते, एकाच हातात भरणं बरं दिसत नाही.
— ठाण्याची

उत्तर:
डाव्या हातासाठी एक माप मोठं मागा. दोन-चार होत असेल तर दोन-सहा घ्या आणि स्वतःच्या हाताने सरकवा, कासाराला हात देऊच नका. संध्याकाळी बांगड्यांचे वळ उमटले की लगेच काढा. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.
— वाईची